उजव्या चाकामागची मोकळी जागा

भानू,

अमेरिकेहून रोहनचा फोन आला होता. आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. तू गेल्याचं त्याच्या आईने त्याला सांगितलंच होतं.  मग म्हणाला, "आजी, मामाआजोबांच्या जीपला मागे एकच फ्लॅप का होता, ते आता कोण सांगणार?"

मी म्हटलं, मी सांगीन. लिहून पाठवीन.

तू माझ्या या नातवंडांना, रोहनला नि मीराला, सांगून ठेवलं होतंस की आपल्या गावात पाऊस एकाच बाजूला पडतो, म्हणून दुसऱ्या बाजूला फ्लॅप लागत नाही. मीरा तेव्हा लहान होती. जीपमध्ये मागे बसून तिने दोन्ही अंगांना हात बाहेर काढून पाहिले होते, आणि दोन्ही हात ओले झाल्यावर तुझ्याकडे अशा नजरेने पाहिलं होतं की तू जीप थांबवून हसत बसलास. रोहन मोठा. त्याला तेव्हाच कळलं होतं की इथे काहीतरी न सांगण्यासारखं आहे.

तर हे मुलांसाठी लिहिते आहे, पण तुलाच सांगते. मी काहीही सांगायला लागले की तू शेजारी बसून "अक्का, आसं न्हाई झालं" म्हणायचास. तुझ्या त्या अडवण्याशिवाय मला गोष्ट सांगता येत नाही. क्रमाने सांगणार आहे, त्याचंही तुला हसू येईल. हैदराबादच्या कॉलेजात शिकलेली आपली बहीण भाजीसुद्धा अनुक्रमणिका करून चिरते, असं तू साऱ्या पाहुण्यांना सांगायचास.

जीप लष्कराने काढून टाकलेली. तू ती लिलावात घेतलीस तेव्हा आपल्या आईने तिला ओवाळलं आणि मग हळूच मला विचारलं, "हिला लढाईत गोळी तर लागली न्हाई ना?" शेताकडचा रस्ता म्हणजे नुसती काळी माती. पावसाळ्यात बैलगाडी रुतली की दसऱ्याला निघायची. तुझी जीप मात्र चारी चाकांना जोर लावून निघून जायची. तिला मागे मडफ्लॅप तेवढे नव्हते. मुलांनो, मडफ्लॅप म्हणजे मागच्या चाकामागे टांगलेला पट्टा. चाक जो चिखल मागे फेकतं, तो अडवणारा. तुमच्या तिकडच्या ट्रकांनाही असतो.

आणि एका सकाळी त्या चाकांमागे किसन होता.

किसन तुझा शाळूसोबती. निजामाच्या काळातली ती शाळा. तो बाहेरच्या ओट्यावर बसायचा, तू आत. तू हट्टाने खिडकीपाशी जागा धरलीस आणि तुमच्या पाट्या खिडकीतून इकडून तिकडे जायच्या. गणित त्याचं चांगलं होतं, त्यामुळे त्या खिडकीतून कोणाचा फायदा झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे तो आपल्याच गावात प्राथमिक शाळेवर मास्तर झाला, किसन गुरुजी झाला, गावाच्या पूर्वेला त्यांच्या लोकांच्या वाड्यातच घर बांधून राहिला. चार लोकांत तो तुला भानुदासराव म्हणायचा. शेतावर, बांधावर, तुम्ही दोघंच असलात की भान्या.

त्या सकाळी तो सायकलवर शाळेला निघाला होता, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. पुढे तू. ओढ्याच्या चढणीवर तू जोर लावलास आणि मागच्या चाकांनी सगळा ओढा त्याच्या अंगावर घातला. तुम्ही दोघांनी तो प्रसंग मला इतक्या वेळा करून दाखवला आहे की मी तिथे नव्हते हे मलाच खरं वाटत नाही.

तू म्हणालास, "किसन्या, तू मागं होतास व्हय?"

तो म्हणाला, "न्हाई. शेतातनं उगवलो."

"मग पुढं निघायचं ना."

"तुमच्या पुढं जाऊ देतंय कोण?"

तू हसलास. तोही हसला. पण घरी येऊन तू ते वाक्य मला दोनदा सांगितलंस, तेव्हा हसत नव्हतास. किसन तसाच शाळेत गेला आणि मुलांनी विचारल्यावर शर्टावरचे ओघळ दाखवून म्हणाला, "ही पूर्णा, ही दुधना, आणि हे खाली गोदावरीला मिळायलेत." सुटीत भेटला तेव्हा तुला म्हणाला, "फ्लॅप लाव. चिखल उडवतो त्याला लागत न्हाई तो. मागच्याला लागतो."

मे महिन्यात मी परभणीहून सुटीला आले, तेव्हा तुमची निवड चालू होती. परभणीच्या बाजारातून आणलेली तयार जोडी पातळ होती. दोन दिवसांच्या उन्हात पापडासारखी वळली. मग तू ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा आणलास. किसनने तो उचलून पाहिला आणि म्हणाला, "हे टांगलंस तर जीप मागल्या पायावर बसंल, म्हशीसारखी." ताडपत्रीचे तुकडे पाणी पीत होते. शेवटी किसनच्या मेहुण्याने सेलूच्या जिनिंगमधून मशीनचा टाकून दिलेला पट्टा आणला. आत कापडाचे थर, वर रबर. जड नाही, हलकाही नाही, वळत नाही, भिजत नाही. करवतीच्या पात्याला पाणी लावत लावत तुम्ही तो कापलात.

मापावरून तुमचं भांडण झालं. किसनने शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली होती. जमिनीपासून एक वीत वर हवा, त्याचं म्हणणं. जीप उलटी घेताना लांब पट्टा चाकाखाली सापडतो. तुला रुबाब हवा होता, जमिनीला टेकेल असा. डावा तू कापलास, उजवा त्याने. सपाट जागा गावात एकच, चावडीपुढची. तिथे जीप उभी करून भर दिवसा दोन्ही लावलेत, आणि साऱ्या चावडीसमोर तू जीप उलटी घेतलीस. डावा पट्टा चाकाने ओढून घेतला आणि बोल्टासकट खाली. किसनने फूटपट्टी तुझ्या हातात दिली फक्त. तात्या, आपले चुलते, खाटेवरून म्हणाले, "गुरुजी, त्याला पट्टी देऊ नगा, पट्टीनं हाणा." मग डावाही वीतभर वर कापला आणि वरून आडवी लोखंडी पट्टी ठोकली, की बोल्टाचं भोक फाटू नये.

नाव घालायचं ठरलं तेव्हा खरी गंमत झाली. जिंतूरचा पेंटर आपल्या अंगणात आला. आपल्याकडे फ्लॅपवर काही लिहिल्याशिवाय गाडी पुरी होत नाही. डाव्यावर तू आपलं कुलदैवत घातलंस, पिवळ्या अक्षरांत 'नरसिंह प्रसन्न', पोखर्णीचा. मग पेंटरने विचारलं, उजव्यावर? तू म्हणालास, "पट्टा गुरुजीचा, माप गुरुजीचं. उजवा त्याचा. त्याला विचार."

किसन कितीतरी वेळ तुझ्याकडे बघत राहिला. मग पेंटरला म्हणाला, "निळी पट्टी वढा. वर पांढऱ्यानं 'जय भीम'."

तात्या उठून उभे राहिले. "भानुदास, देव डाव्या अंगाला अन् हे उजव्या? उजवं अंग मानाचं असतंय, एवढं तरी ठावं हाय का?"

तू म्हणालास, "तात्या, गाडी चालवणारा उजवीकडं बसतो. गुरुजी माझ्या मागं बसतो. त्याच्या मागं त्याचं. हिशेब साधा हाय."

तात्या बसले. पण कोणी हसलं नाही. मी ओसरीवरून पाहत होते, आणि मला तुझा अभिमान वाटला होता, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर ते मला ऐकवलं असतंस.

पुढच्या पावसाळ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला. ज्यांच्या बाबासाहेबांचं ते नाव, त्यांच्या वस्त्या पेटायला लागल्या. मुलांनो, नावासाठी घरं का जाळली, हे तुम्ही मला विचाराल. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, दोन भाषांत शब्द शोधले, त्याचं उत्तर मला एकाही भाषेत सापडलं नाही.

आपल्या गावात काही झालं नाही, असं सगळे सांगतात. इतकंच झालं की पूर्वेकडच्या वाड्याचं पाणी तुटलं, दुकानदार त्यांना माल देईना, आणि शेजारच्या गावाहून धूर दिसला. किसनची आई म्हातारी, बायको ओली बाळंतीण. तू त्यांना माझ्याकडे परभणीला आणायचं ठरवलंस. सकाळी त्यांच्या दारातून माणसं जीपमध्ये घेतलीस आणि चावडीपुढे आल्यावर थांबलास. खाली उतरलास. पाना घेतलास. सगळ्यांच्या देखत उजवा फ्लॅप काढलास, गोणपाटात गुंडाळलास आणि मागे बसलेल्या किसनच्या मांडीवर ठेवलास.

"निवळलं की लावू," असं म्हणालास. हे मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांनीही त्यात एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

डावा तू ठेवलास. जाणूनबुजून ठेवलास. देवगाव फाट्यावर जमाव होता. त्यांनी जीप थांबवली, एकजण मागे जाऊन वाचून आला. "नरसिंहाची गाडी हाय, सोडा." कोणी आत बसलेल्यांची तोंडं पाहिली नाहीत. सोडलं.

भानू, तू तो पट्टा काढला नसतास तर ती माणसं माझ्या दारापर्यंत आली नसती. हे मी मुलांना आधी सांगते, कारण पुढचं ऐकून त्यांनी तुला चटकन मापू नये. त्या दिवशी तू जे केलंस त्याबद्दल मी आजही तुझे पाय धरीन.

जीप माझ्या अंगणात उभी राहिली तेव्हा पाऊस चालूच होता. तिची पाठ डावीकडे स्वच्छ होती आणि उजवीकडे काळ्या मातीने वरपर्यंत लिंपलेली. किसनची आई उतरली, तिने मागे वळून ते पाहिलं आणि म्हणाली, "मागं काय लिवलंय त्याच्यावर माणूस जगतंय व्हय, लेकरांनो?" मी चहा ठेवायला आत गेले. किसन ओसरीवर बसला, मांडीवर गोणपाट तसंच. मी कप दिला तरी त्याने ते खाली ठेवलं नाही.

निवळलं, म्हणजे निवळलं असं सगळे म्हणायला लागले, तेव्हा ती माणसं गावी परत गेली. आणि उजव्या चाकामागची जागा मोकळीच राहिली.

पुढची सगळी वर्षं तुझं नि माझं जे भांडण चाललं, ते एवढ्या जागेवरून. मी म्हणायची, "दोन्ही लाव, नाहीतर दोन्ही काढ." तू कधी म्हणायचास वातावरण बघून करू. कधी म्हणायचास किसनकडंच हाय, तो आणून दील. कधी नुसता उठून बैलांना पाणी दाखवायला जायचास. दर पावसाळ्यात जीपची पाठ अर्धी स्वच्छ आणि अर्धी काळी होऊन यायची आणि तू स्वतः बादली घेऊन उजवी बाजू धुवायचास. गड्याला कधी हात लावू दिला नाहीस. जीप म्हातारी झाली, स्प्रिंगचे पाटे बसले, मागून खाली आली, तसा तू डावा फ्लॅप थोडा थोडा कापत गेलास. उजवीकडे कापायला काही नव्हतं.

आणि किसन तुला शेतावरही भानुदासराव म्हणायला लागला. हे मी एकदाच ऐकलं. बांधावर तुम्ही दोघंच होतात, मी मागून येत होते. "भानुदासराव, विहिरीची मोटर बिघडलीय म्हणं." तू "व्हय, गुरुजी" म्हणालास. तुम्ही भांडला असतात तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

मी तुला घाबरट म्हटलं. कितीदा म्हटलं ते मोजण्यात अर्थ नाही. जमाव समोर असताना तुझा पाय डगमगला नाही, आणि चावडीवरच्या चार म्हाताऱ्यांपुढे तुला दोन बोल्ट आवळता येत नाहीत, असंही म्हटलं. तू ऐकून घ्यायचास. तू काहीच ऐकून घेणारा माणूस नव्हतास. तेवढं मात्र ऐकून घ्यायचास, आणि मला वाटायचं, खरं आहे म्हणून गप्प आहे.

या संक्रांतीला मी गावी आले. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. तू रेडिओ कानाशी धरून ओसरीवर बसला होतास. बातमी संपल्यावर रेडिओ बंद केलास आणि म्हणालास, "आता किसनकडं जायला पायजे."

मी तीळगूळ वळत होते. म्हटलं, "विद्यापीठाला पाटी लागली. जीपला कधी लागते बघू."

तू हसलास. "अक्का, तुझी जीभ म्हंजे चामडं कापायची रापी हाय." तीळगुळाचा एक लाडू उचलून खिशात टाकलास. मला वाटलं तुझ्यासाठी. त्याच आठवड्यात, गव्हाला पाणी देता देता, तू बांधावर बसलास तो उठला नाहीस. अंगावरचा सदरा काढताना खिशात लाडू निघाला. आता मला कळतं तो कोणासाठी होता.

तुला नेताना किसन होता, सगळ्यांच्या मागे.  तेराव्याला पंगत उठल्यावर आला आणि अंगणातून हाक मारली, "अक्का." मी आत ये म्हटलं, तो ओसरीच्या पायरीवर बसला. केस पिकले आहेत त्याचे. सदरा तसाच पांढराशुभ्र.

मी सरळच विचारलं. "गुरुजी, तो पट्टा तुमच्याकडेच आहे ना?"

"हाय. गोणपाटातच हाय."

"भानू मागायला आला नाही. मी त्याला इतक्यांदा म्हटलं..."

"आला होता," किसन म्हणाला.

मी विचारलं, कधी?

"तुमच्या भाच्याच्या, सुधीरच्या लग्नाआधी. जीप सजवायची होती. म्हणाला, पट्टा दे, शेतावर नेऊन लावू. मी म्हणलं, लावू, पण चावडीपुढं. काढला तवा सगळ्या गावानं बघितलं. माझ्या मायनं बघितलं. मग लावताना गोठ्यामागं कामून?"

"मग?"

"लय येळ बसला. चहा घेतला, दुसऱ्यांदा घेतला. म्हणाला, लग्न पार पडू दे, पाहुणे येणारेत. मी म्हणलं, पडू दे. दारातनं जाताना म्हणाला, अक्काला सांगू नको."

चुलीवरची भांडी घासायचा आवाज मागून येत होता. 

"माझा हट्ट झाला आसंल, अक्का," किसन म्हणाला. "शेतावर तर शेतावर. लावायला पायजे होता."

"हट्ट नव्हता तो. तुमचं बरोबर होतं."

"बरोबर होतं," तो म्हणाला. "पण माणूस गेला."

भानू, तू गेला होतास. मी तुला घाबरट म्हणत राहिले आणि तू गेला होतास, आणि अर्ध्यातून परत आला होतास, आणि या दोन्हींतलं एकही मला सांगितलं नाहीस. का, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. सांगितलं असतंस तर मी किसनची बाजू घेतली असती, हे तुला माहीत होतं म्हणून? की मी निदान अर्ध्या वाटेचं तुझं कौतुक करीन, आणि ते तुला नको होतं? मला वाटतं दुसरं. अर्धं करून शाबासकी घेणारा तू नव्हतास. हे मी चुकीचं सांगत असेन तर आता तरी बोल. "अक्का, आसं न्हाई झालं" एवढं म्हण.

मी किसनला म्हटलं, "उद्या लावू. चावडीपुढे. दिवसा."

"लावणार कोण?"

"आमच्या घरानं काढला. आमच्या घरानं लावायचा. मी."

त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "तुमाला पाना धरता येतो?"

"नाही. तुम्ही शिकवा. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवलीत."

तुझ्या सुधीरला सांगितलं तेव्हा तो चपला काढत होता. तो औरंगाबादला कंपनीत आहे, जीप तो नेणार हे तुझ्या माघारी ठरलं. सरळ मुलगा आहे, तुझ्यासारखा उगाच गोड बोलत नाही.

"आत्या, हे आत्ताच कामून? नावाचं आताच झालंय. गावात कुजबुज चालू हाय. मला जालन्यावरून एकट्याला जायचंय."

"मला ठाऊक आहे."

"अण्णांनी सुद्धा केलं नाही ते."

"ते करायला निघाला होता तुझा बाप."

सुधीर बराच वेळ चपलेचा अंगठा हातात धरून बसला. "लावा," तो म्हणाला. "पण पुढं मी काय करीन ते मला विचारू नका."

हे त्याने खरं सांगितलं, आणि तुझ्या मुलाकडून मला तेवढंच हवं होतं.

सकाळी जीप चावडीपुढे उभी केली. किसनने गोणपाट उघडलं. आतला निळा रंग कालच दिल्यासारखा होता, उन्हाचा एक कवडसा त्याला लागला नव्हता. डावा मात्र झिजून, कापून, वीतभर उरलेला; नरसिंह गेला होता, प्रसन्न तेवढं अर्धं वाचता येत होतं. किसनने उजवा जागेवर धरला तर तो जमिनीला टेकायला आला. त्याने जुन्या मापाने कापला होता, आणि जीप तेव्हापासून पुष्कळ बसली आहे.

"कापावा लागेल का?" मी विचारलं.

"कापायचा न्हाई," किसन म्हणाला. "ह्याची काही झीज झालेली न्हाई, मग कापायचा कशापायी? जुन्या भोकांखाली नवी पाडू. वरचा जास्तीचा मागं मुडपू."

चावडीजवळच्या घरातून त्याने विस्तवात सळई तापवून आणली. जळक्या रबराचा वास सगळीकडे पसरला. चावडीवर बसलेले दोघं-तिघं उठून निघून गेले. एकाने मान फिरवली. बाकीचे बसून राहिले. तात्या अजून आहेत, डोळ्यांनी अधू झाले आहेत. वासावरून त्यांनी विचारलं, "काय जाळायलेत?"

मी म्हटलं, "तात्या, भानूच्या जीपला फ्लॅप लावतो आहोत. उजवा."

"उजव्याच अंगाला?"

"त्याची जागा तीच आहे."

तात्यांनी बराच वेळ तोंड चाळवलं. "मग भोकं नीट पाडा. न्हाईतर ओढ्यापर्यंत जाऊन पडंल."

ही चेष्टा होती, शिवी होती की सल्ला, मला कळलं नाही. तुला कळलं असतं.

जुने बोल्ट गंजून बसले होते. किसनने रॉकेल टाकून ते काढले, नवे घातले. मला खाली बसता येत नाही, म्हणून त्याने शाळेतली एक खुर्ची मागवून चाकामागे ठेवली. मी खुर्चीत बसून पाना धरला. आधी उलटा फिरवला. "दुसरीकडं, अक्का," तो म्हणाला. नट बसत गेला तसा हाताला जोर लागेना. शेवटच्या पिळाला त्याने माझ्या हातावर हात ठेवला. चावडीपुढे, सगळ्यांच्या देखत. आपल्या आईने हे पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मग असंही आलं की तिने जीपला ओवाळलं होतं, तिला इतकंही अवघड गेलं नसतं.

दोन्ही फ्लॅप टांगलेले मी किती वर्षांनी पाहिले. एकसारखे नव्हते. एक झिजलेला, एक कोरा, मागे मुडपलेला. कुठल्याही पेंटरने नाव ठेवलं असतं. किसन दोन पावलं मागे गेला, वाकला, खिशातून काही काढलं नाही, नुसती वीत जमिनीवर टेकवून पाहिली. अंगठ्याचं टोक पट्ट्याच्या कडेला लागलं.

"भान्या," तो म्हणाला, "बरुबर एक वीत हाय बघ."

माझ्याशी नव्हता बोलत. मी तिथून बाजूला झाले.

सुधीरने जेवण केलं, मला नमस्कार केला, किसनलाही केला. जीप सुरू केली, उलटी घेतली आणि वळवली. पट्टा चाकाखाली सापडला नाही. मग रस्त्याला लागला. ओढ्याची चढण, मग बाभळीचं बन, मग देवगाव फाट्याकडे वळण. रस्ता कोरडा होता, चिखल नव्हता, नुसती धूळ. त्या धुळीत पिवळं दिसेना. निळं दिसत होतं.

फाट्यावर तो थांबला असेल का, उतरून पाना हातात घेतला असेल का, मला माहीत नाही. त्याने विचारू नका म्हटलं आहे आणि मी विचारणार नाही. रोहन, मीरा, तुम्ही पुढे कधी सुधीरमामाकडे गेलात तर जीपच्या मागे जाऊन तुम्हीच बघा. मला सांगू नका.

भानू, मी वळणापर्यंत पाहिलं. तिथपर्यंत दोन्ही होते.

— अक्का